वीस हजारांच्या बजेटमध्ये व्हायोला: पुण्यातल्या एका खरेदीची पूर्ण केस

पार्श्वभूमी

ही केस आमच्या रविवारच्या ग्रुपमधल्या एका ताईंची. त्यांना विचारून लिहितोय, नाव आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील काढून टाकलेत, आकडे मात्र त्यांच्या वहीतले आहेत तसेच ठेवलेत.

ताई पन्नाशीच्या अलीकडच्या, नोकरी बँकेत, घर कोथरूडला. शाळेत असताना काही वर्षं व्हायोलिन शिकल्या, मग ते सुटलं ते सुटलंच, आणि मुलगी हॉस्टेलला गेल्यावर परत हातात घेतलं. आमचा ग्रुप म्हणजे काही ऑर्केस्ट्रा वगैरे नाही हं, एका शाळेचा हॉल रविवारी सकाळी मिळतो, तिथे आठ-नऊ व्हायोलिन, एक चेलो (व्हायोलिनच्याच घराण्यातलं मोठं, बसून वाजवायचं वाद्य), एक कीबोर्ड आणि चहाचा थर्मास. सर (सगळे त्यांना सरच म्हणतात) भावगीतं, भजनं, मधूनच एखादा सोपा पाश्चात्य पीस असं तीन-चार भागांत लिहून आणतात. गोची अशी की व्हायोलिनची सगळ्यात खालची तार जी (G), म्हणजे हार्मोनियमवर खालच्या सप्तकातली पांढरी पाच, त्याखाली व्हायोलिन जातच नाही आणि चेलो एकटा तळाला, मधला भाग रिकामा. तो भरायला व्हायोला लागतो, म्हणजे व्हायोलिनचाच जरा मोठा, खालच्या सुरातला भाऊ. व्हायोलाच्या तारा सी, जी, डी, ए, म्हणजे व्हायोलिनची वरची ई नाही आणि त्याऐवजी खाली सी, पांढरी एक.

सरांनी विचारलं कोण घेणार, तर ताई लगेच तयार, कारण त्यांचं स्वतःचं एक कारण होतं. त्या गातात पण, पट्टी (म्हणजे त्यांचा सा) पांढरी पाच. व्हायोलिनवर मोकळ्या तारांमध्येच वाजवायचं तर पांढरी पाच म्हणजे शेवटची तार, सा तिथेच आणि सा च्या खाली काहीच नाही. मग मालकंस घ्या नाहीतर दरबारी, मंद्रातलं, म्हणजे सा च्या खालच्या सप्तकातलं, नी-ध आलं की वरच्या सप्तकात उडी मारायची किंवा गप्प बसायचं. तारा उतरवून लावता येतात पण मग सैल पडतात आणि आवाज मरतो. व्हायोलावर तीच पांढरी पाच तिसरी तार होते, तिचा सा, दुसऱ्या तारेचा प, आणि खाली एक आख्खी तार शिल्लक, मंद्र मध्यमापासून निषादापर्यंत सगळं हाताशी. हे ताईंना कळलं तेव्हा त्यांचं ठरलंच होतं म्हणा. आपल्याकडे व्हायोला म्हणजे फक्त पाश्चात्य असंही काही नाही, कर्नाटक संगीतात एम. बालमुरलीकृष्ण व्हायोला वाजवायचे.

अडचण नेमकी काय होती

पैसे ही एक झाली. बजेट २०,००० रुपये, त्यात सगळं. वाजवायला सुरुवात करतोय, जमेल की नाही माहीत नाही, त्यापेक्षा जास्त घालायचे नाहीत असं ताईंनी आणि त्यांच्या मिस्टरांनी मिळून ठरवलं होतं आणि मला ते बरोबरच वाटलं. दुसरी अडचण वेळेची. हे सगळं जूनमध्ये चाललेलं आणि एका सोसायटीची दिवाळी पहाट ग्रुपने घेतलेली, सरांनी व्हायोलाचा भाग लिहूनही टाकलेला.

तिसरी अडचण साइजची, आणि खरी मेख तिथे होती. व्हायोलिन फुल साइज म्हटलं की विषय संपतो, बॉडी १४ इंच, जगात कुठेही घ्या. व्हायोलाचं तसं नाही. मोठ्यांसाठीचे व्हायोला १५, साडेपंधरा, १६, साडेसोळा, कधी १७ पण, आणि हे सगळे "फुल साइज" म्हणूनच विकले जातात. कारण असं की व्हायोला व्हायोलिनच्या पाच सूर खाली लागतो, हिशोबाने बॉडी दीडपट म्हणजे २१ इंचांची हवी, पण एवढं धूड हनुवटीखाली धरणार कोण, म्हणून सगळेच व्हायोला आपल्या आवाजाच्या मानाने लहान असतात. जितका लहान तितकी सी तार कमजोर, जितका मोठा तितका खांदा आणि करंगळी रडणार. ताईंची उंची पाच फूट एक इंच. आणि दुकानात गेलं तर पहिला प्रश्न "फोर बाय फोर ना?" (म्हणजे व्हायोलिनची फुल साइज) हा. लक्ष्मी रोडच्या बाजूला एका दुकानात तर त्यांनी दोनदा व्हायोला म्हटलं आणि दोन्ही वेळा पोराने व्हायोलिनच काढून ठेवलं.

कोणते पर्याय होते

सगळ्यात स्वस्त पर्याय सरांनी सुचवला, घरच्या व्हायोलिनवरच सी तार लावून बघा. व्हायोलिनच्या जी, डी, ए तारा एकेक घर सरकवायच्या, ई काढायची, रिकाम्या जागी व्हायोलाची सी. सरांकडे जुन्या सेटमधली सी पडून होती म्हणून खर्च शून्य. ती जाड तार नटच्या (मानेच्या वरच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) खाचेत नीट बसली नाही, वरच राहिली, आणि आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा, पण बोटं कुठे पडतात ते समजायला आणि मुख्य म्हणजे आल्टो क्लेफ (व्हायोलाचं नोटेशन ज्या खुणेने लिहितात ती) वाचायची सवय लागायला एवढं बास होतं. (त्या क्लेफमध्ये मधली रेघ म्हणजे मधला सी, व्हायोलिनवाल्यांचं डोकं पहिले काही दिवस फिरतं.) माझ्या मते या आख्ख्या केसमधला सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता, कारण पैसे घालायच्या आधी ताईंना कळलं की आपल्याला हा मधला भाग वाजवायला खरंच आवडतंय. खूप जणांना आवडत नाही, मेलडी कधीच मिळत नाही ना.

दुसरा पर्याय कॅम्पमधल्या एका दुकानाचा. साडेपंधरा इंच, चिनी स्टुडंट मॉडेल, १७,५०० रुपये, पण मागवून देणार, अर्धे पैसे आधी, आणि आल्यावर वाजवून बघून नको म्हणता येणार नाही. तिसरा मुंबईचा, स्टुडिओत वाजवणाऱ्या एका निवृत्त वादकांचा सव्वासोळा इंची, ३८,००० सांगत होते. मी तो वाजवून आलो, आवाज काय सांगू, सी तारेवर गज ठेवला की छातीत जाणवत होता. पण पैसे दुप्पट आणि साइज ताईंच्या हाताबाहेरची, म्हणून तो विषय तिथेच संपला. भाड्याने मिळतोय का तेही पाहिलं, व्हायोलिन मिळत होतं, व्हायोला नाही मिळाला.

आणि चौथा पर्याय मिस्टरांनी शोधलेला, ऑनलाइन. "अगं हे बघ, ९,८०० मध्ये ठेवायची केस, गज, गजाची राळ सगळ्यासकट येतोय, आणि सात दिवसांत परत पण करता येतो." ताई म्हणाल्या, "अहो थांबा जरा, सरांना विचारते." पण सेल रात्री १२ ला संपणार होता.

पहिला निर्णय: ऑनलाइन आलेला १६ इंची

बॉक्स आला तेव्हा आत काहीतरी खुळखुळत होतं. घरात सगळ्यांचे चेहरे पडले, तुटलाच म्हणून. खरं तर ही एकच गोष्ट अशी होती की जिची काळजी करायचं कारण नव्हतं. व्हायोलाच्या पोटात साउंडपोस्ट नावाची एक काडी असते, तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजच्या ए तारेकडच्या पायाच्या जरा मागे, ती चिकटवलेली नसते, वरच्या आणि मागच्या फळीमध्ये नुसती दाबाने उभी असते, प्रवासात तारा सैल असल्या की पडते. जाणकार माणूस ती परत उभी करून देतो. म्हणूनच सगळ्या तारा एकदम कधी काढू नयेत, एकेक बदलावी.

काळजीच्या गोष्टी दुसऱ्याच होत्या. ताई तो रविवारी घेऊन आल्या आणि आम्ही टेबलावर ठेवून बघितला. बोटं ज्यावर पडतात त्या फिंगरबोर्डवर ओला रुमाल फिरवला तर रुमाल काळा. म्हणजे एबनी (कठीण काळं लाकूड) नाही, कुठलंतरी मऊ लाकूड रंगवलेलं, त्यावर वर्षभरात तारांचे चर पडणार. कडेने जी दुहेरी काळी रेघ असते ती पण खोदून बसवलेली नाही, नुसती रंगवलेली. ब्रिजच्या एका पायाखालून व्हिजिटिंग कार्ड आरपार जात होतं. फिंगरबोर्डच्या टोकाला सी तार पट्टीने मोजली तर ९ मिलीमीटर वर, तिथे साधारण सहा-साडेसहा असायला हवी, ए तारेखाली साडेचार-पाच. नवशिक्याला वाटतं माझीच बोटं कमजोर आहेत, आणि वाद्यच तसं असतं.

मिस्टरांचं म्हणणं होतं, की ठीक आहे ना, दुरुस्त करून घेऊ, तरी स्वस्तच पडेल. हा मुद्दा वरवर बरोबर आहे आणि इथेच बहुतेक लोक अडकतात. ब्रिज नवीन बसवता येतो, पोस्ट उभी करता येते, खुंट्या नीट करता येतात, ते सगळं कुठल्याही स्वस्त वाद्याला करावंच लागतं, त्यात कमीपणा नाही. पण फिंगरबोर्ड बदलायचा म्हणजे वाद्याच्या निम्म्या किमतीच्या वर खर्च, आणि १६ इंचाचे १५ कोणी करून देणार नाही. ताईंनी तो धरला तर कोपर जवळपास सरळ होत होता आणि चौथं बोट सी तारेवर पोचताना सगळा तळवा वळत होता. सरांनी त्यांचा हात मोजला, बाजूला सरळ पसरून, मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत, २३ इंचांच्या आसपास भरला. याचे जे तक्ते मिळतात ते एकमेकांशी जुळत नाहीत, पण १६ कुठल्याच तक्त्यात बसत नव्हता.

पाचव्या दिवशी परत पाठवला. कारणात "साइज चुकीची" लिहिलं, पैसे आले. मिस्टर दोन दिवस जरा घुश्शात होते.

दुसरा निर्णय: सेकंडहँड १५ इंची

जुलैमध्ये सरांच्या ओळखीतून एका मुलाचा व्हायोला समोर आला, पुण्यात शिकायला होता, नोकरी लागून बंगळूरला चाललेला, सामान कमी करत होता. १५ इंच, चिनीच, पण जरा बऱ्या वर्कशॉपचा, फिंगरबोर्ड खरा एबनीचा, कडेची रेघ बसवलेली, मागची फळी दोन तुकड्यांची मेपल. ठेवायची केस होती. गज होता पण त्याचे निम्मे केस गळालेले आणि काठी एका बाजूला वाकलेली. मागत होता १३,०००.

ताईंनी तो उचलल्या उचलल्या खांद्यावर ठेवला आणि हसल्याच, म्हणजे बसला. सी तारेचा आवाज मुंबईच्या व्हायोलापुढे काहीच नाही, पण सी तार सी सारखी वाजत होती. मग खालच्या बाजूला, हनुवटीच्या पट्ट्याखाली, फळीच्या जोडावर पांढरट काहीतरी वाळलेलं दिसलं. मुलाने सांगितलं, जोड सुटला होता, फेव्हिकॉलने चिकटवला. प्रामाणिकपणे सांगितलं हे विशेष, नाहीतर ते पुसून टाकणं अवघड नव्हतं.

आता इथे थांबून जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे हे फार होतं. व्हायोलिन-व्हायोलाचे जोड सरसाने चिकटवतात, जनावराच्या कातड्या-हाडांपासून करतात तोच सरस, आणि मुद्दाम बेताच्या ताकदीचा लावतात. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, तेव्हा ताण आला की आधी जोड सुटावा आणि फळी वाचावी हा त्यातला विचार. सुटलेला जोड गरम सरस लावून, क्लॅम्प करून पुन्हा बसतो, नावही राहत नाही. फेव्हिकॉल मात्र सोडत नाही, म्हणून पुढच्या एप्रिल-मेमध्ये जोडाऐवजी फळीच तडकू शकते. शिवाय एकदा तो लाकडात मुरला की त्यावर सरस धरत नाही, सगळा खरवडून काढावा लागतो. घाम नेमका त्याच भागात लागतो, हनुवटीखाली, म्हणून जोड सुटायची ती ठरलेली जागा.

मग घ्यायचा की नाही? ताईंनी इथे एक चांगलं केलं, तिथल्या तिथे हो म्हणाल्या नाहीत. मुलाला विचारलं, "एक दिवस नेऊन दाखवून आणू का, हवं तर पाच हजार ठेवून घे." तो तयार झाला.

पेठेतल्या काकांच्या टेबलावर

पेठेत एक काका आहेत, वाड्यातली खोली, भिंतीवर व्हायोलिन लटकलेली, एका कोपऱ्यात सरसाचं भांडं गरम पाण्यात. त्यांनी आधी काही विचारलंच नाही. व्हायोला कानाजवळ धरला आणि बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत फिरवला, घट्ट जोडावर आवाज कोरडा आणि छोटा येतो, सुटलेल्या जागी जरा फाटका, तसा एक फाटका आवाज अजून एका ठिकाणी आला, वरच्या बाजूला मानेजवळ, जो आमच्या कोणाच्याच लक्षात आला नव्हता. मग छोटा दिवा एफ-होलमधून (वरच्या फळीतली एफ आकाराची फट) आत सोडून मागच्या फळीवर पोस्टच्या जागी बघितलं. तिथे चीर असेल तर वाद्य सोडून द्यायचं, दुरुस्ती वाद्यापेक्षा महाग पडते. चीर नव्हती. मान सरळ आहे का ते स्क्रोलकडून (मानेच्या टोकाच्या वळणाकडून) एक डोळा मिटून बघितलं.

"फेव्हिकॉल वरवर आहे," काका म्हणाले, "आत फार गेलेला नाही. पातळ सुरी आणि कोमट पाणी, निघेल. पण ताई, या गजावर पैसे घालू नका." आणि कागदावर लिहून दिलं, दोन्ही जोड उघडून सरसाने बसवणे १,२००, नवीन ब्रिज कापून बसवणे १,५००, नट आणि खुंट्या ८००, नवीन पोस्ट ७००. एकूण ४,२००.

हा कागद फार कामाला आला. ताईंनी तो मुलाला दाखवला, घासाघीस म्हणून नाही, सरळ सांगितलं की एवढं काम आहे, मी १०,००० देऊ शकते. मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि हो म्हणाला. तोंडी "थोडे कमी कर ना" यात आणि लिहिलेल्या आकड्यांत फरक पडतो, समोरच्यालाही वाटत नाही की आपल्याला फसवतायत.

एक घोळ मात्र झाला. व्हायोला काकांकडे जायला चार-पाच दिवस होते, ताईंना धीर धरवेना, नवीन तारांचा सेट ३,६०० चा आणला होता तो घरीच लावून टाकला. जुन्या नटच्या खाचा अरुंद आणि धारदार होत्या. ए तार सुरात चढवता चढवता खाचेपाशी तिच्यावरचं वेटोळं उसवलं, वरची धातूची पट्टी सुटून आली. नवीन ए सुटी आणायला १,१०० गेले. आधी नट, मग तारा, एवढाच क्रम. आणि खाचेत शिसपेन्सिलीचं टोक फिरवलं की तार सरकते, ते काकांनी नंतर दाखवलं.

एकूण खर्च

ताईंच्या वहीप्रमाणे: व्हायोला १०,०००, काकांचं काम ४,२००, तारा आणि फुकट गेलेल्या ए तारेसकट ४,७००, नवीन गज ३,२००, शोल्डर रेस्ट (वाद्याखाली खांद्यावर लावायचा आधार) १,४००. बेरीज २३,५००. बजेटच्या वर साडेतीन हजार.

यातला गजाचा आकडा मिस्टरांना पटला नव्हता, घरात व्हायोलिनचा गज आहे ना म्हणून. चालतो का, तर चालतो. व्हायोलिनचा गज साधारण ६० ग्रॅम, व्हायोलाचा ७०, दहा ग्रॅम म्हणजे काय मोठं असं वाटतं, पण सी तार जाड, ती हलायलाच वजन लागतं, हलक्या गजाने माणूस हाताने दाबायला लागतो आणि मग आवाज खरखरतो. ताईंनी काकांकडे दोन्ही गज एकामागून एक लावून पाहिले, मंद्र मध्यमावर लांब सूर धरून, आणि मिस्टरांनीच सांगितलं दुसरा घे. तो फायबरचा आहे, फॅन्सी काही नाही, पण सरळ आहे.

शोल्डर रेस्टचा खर्च मात्र कोणाच्याच डोक्यात नव्हता. व्हायोलिनचा रेस्ट १५ इंची व्हायोलाला ताणून कसाबसा लागला आणि पहिल्याच रविवारी भजनाच्या मध्यात सटकून खाली पडला.

पुढे काय झालं

ऑगस्टमध्ये काम होऊन हातात आला. फिंगरबोर्डच्या टोकाला सी सहा मिलीमीटर, ए पावणेपाच, बोटं दुखायची थांबली. आवाजाचं म्हणाल तर नवीन ब्रिज आणि पोस्टने जेवढा फरक पडला तेवढा तारांनीही पडला नाही असं माझं मत, ताईंचं उलट आहे.

पावसाळ्यात खुंट्या फुगून अशा बसल्या की ताईंना दोन्ही हातांनी पिळाव्या लागायच्या. उलट दिवाळीनंतर हवा कोरडी पडली तशा एका रात्रीत दोन तारा सैल झालेल्या. काकांनी खुंट्यांना खडू आणि साबण लावून दिला. काकांचा मूळचा सल्ला होता की चारही तारांना टेलपीसवर (तारांची खालची टोकं अडकतात तिथे) फाइन ट्यूनर, म्हणजे सूर बारीक लावायचे स्क्रू, बसवून घ्या, ताईंनी तेव्हा दिसायला बरं नाही म्हणून नको सांगितलं होतं, ते आता बसवलेत.

दिवाळी पहाट झाली. व्हायोलाचा भाग सोपाच होता, बहुतेक लांब सूर, पण पहिल्यांदा ग्रुपचा आवाज भरीव आला, चेलोवाल्या काकांनी तर नंतर जाऊन ताईंना सांगितलं की आता मला एकटं वाटत नाही. घरी त्या रोज मंद्रात रियाज करतात. सरसाने बसवलेले दोन्ही जोड मे महिना काढूनही शाबूत आहेत, काकांनी पुन्हा टकटक करून पाहिले.

सगळं छान असंही नाही. सी तार मोठ्या हॉलमध्ये पोचत नाही. सर म्हणतात, साडेपंधरासाठी थांबायला हवं होतं, अर्धा इंच ताईंनी सांभाळला असता आणि सी ला जरा पोट मिळालं असतं. मला ते पटत नाही, ताईंच्या करंगळीला १५ वरच ताण येतो, आणि दुखरा हात घेऊन कोण रोज वाजवणार. यावर आमचं अजूनही एकमत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

हात मोजायचं काम पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम, पण ते ऑनलाइन ऑर्डर आल्यावर झालं, त्यामुळे तो आठवडा आणि मिस्टरांचा मूड दोन्ही गेलं. सेल १२ ला संपतोय म्हणून घेतलेली वस्तू परत करता आली हे नशीब, परत करायची सोय नसती तर तो १६ इंची आज कोथरूडमध्ये माळ्यावर असता.

बजेट ठरवतानाच वाद्य आणि बाकीचं असे दोन भाग करायला हवे होते. वीस हजारांत वाद्याला बारा-तेरा आणि उरलेले सेटअप, तारा, गज यांना, असं आधीच धरलं असतं तर वाद्याखेरीजचा खर्च असा अचानक अंगावर आला नसता. कॅम्पमधला १७,५०० चा घेतला असता तर तो पण काकांच्या टेबलावर गेलाच असता, नव्या वाद्याचा ब्रिज बॉक्समधून नीट बसून येतो ही आशा फार धरू नये.

सेकंडहँड बघायला जाताना ट्यूनर, मोजपट्टी आणि छोटा टॉर्च एवढं बरोबर न्यायला हवं होतं. आम्ही त्या मुलाकडे मोबाइलचा दिवा घेऊन बघत होतो, एफ-होलमध्ये तो जातच नाही, आणि काकांसारखं टकटक करून न पाहिल्यामुळे मानेजवळचा जोडही कळला नाही. तो कळला असता तर कदाचित अजून पाचशे कमी झाले असते, कदाचित नसतेही.

आणि एक प्रश्न ग्रुपचा आहे, ताईंचा नाही. व्हायोला ग्रुपला हवा होता, आणि सगळी जोखीम एका माणसाच्या खिशातून गेली. ताईंना स्वतःला वाजवायचाच होता म्हणून ते चाललं, पण नसतं जमलं तर १५ इंची व्हायोला पुण्यात पटकन विकला जाणं अवघड आहे. म्हणून आता दुसऱ्या व्हायोलासाठी सगळ्यांनी मिळून पैसे काढलेत, साडेपंधराचा, ज्याला वाजवून बघायचा त्याने महिनाभर घरी न्यायचा. कॅम्पच्या त्याच दुकानाशी बोलणं झालंय, अट एवढीच घातली की अर्धे पैसे आधी देऊ, उरलेले काकांनी बघितल्यावर, आणि मागच्या फळीला चीर किंवा मान वाकडी निघाली तर परत. दुकानदार आधी नाही म्हणाला, मग सर स्वतः जाऊन बसले, आता हो म्हणालाय.